वरचे दीड हजार

लेकीला घेऊन गोव्याला जायचं म्हणून अंगद आणि सुरेखा दर रविवारी तांदळाच्या डब्यात पाचशे रुपये टाकायचे. सोळा रविवारचे आठ हजार व्हायला हवे होते. निघाले साडेनऊ.

"कमी भरले असते तर समजलं असतं," अंगद हळू आवाजात म्हणाला. "वरचे दीड हजार कुणी दिले तुला?"

"मलाच काय विचारता? वाळूजच्या कंपनीत ओव्हरटाइम किती मिळतो, ते कुठं सांगता तुम्ही?"

दोन दिवस दोघं चोरून एकमेकांचे फोन चाळत राहिले.

तिसऱ्या दिवशी गोधडीला टाके घालता घालता अंगदच्या आईनं, दगडाबाईनं, मान वर न करता सांगितलं, "गोधड्या शिवल्याचे पैसे हायेत ते. तुमी तिकिटं तीनच धरली व्हती. चौथं इसरले असताल म्हनून मी टाकायले."