लाल उजेडातल्या मिरच्या

संध्याकाळी धावण्याचा सराव करून आली, की रंजिता खाटेवर पाय पसरून त्यांच्यावर लाल दिव्याचा उजेड घ्यायची. त्याने थकलेले स्नायू लवकर सावरतात, असं तिच्या सरांनी सांगितलं होतं. उजेडाने कुठं पाय बरे होतात का, असं पुटपुटत तिची आई सुपात मिरच्या घेऊन तिथंच निवडायला बसायची. तेवढीच वीज वाचते म्हणे.

एका सकाळी पाहते, तर आई त्याच मिरच्या ओट्यावर उन्हात पुन्हा निवडत होती.

"त्या उजेडमा लाल काय नि पांढरी फटकी काय, सारखीच दिसस," आई म्हणाली.

"मंग माय, रोज तठे काबर बसस?"

आईने हातातली मिरची उगाच उलटीपालटी केली.

"दिनभर तू पयतच ऱ्हास. तठे तरी घडीभर मन्हा जवळ बसस."