पुढचा विहार

साठीत गाडी शिकलेल्या महामायाताई इलेक्ट्रिक कार घेऊन नांदेडहून निघाल्या. दिवसभरात तीन बुद्धविहार निवांत पाहायचे, सोबत कुणी नको, असं त्यांनी लेकीला बजावलं होतं. जळकोटजवळच्या पहिल्याच विहारात गाडी चार्जिंगला लावली, तशी तिथली झाडलोट करणाऱ्या म्हाताऱ्या पारूबाई चहा घेऊन आल्या.

"जय भीम, बाई. एकल्याच आलाव?"

"हो. तुम्ही कुठकुठले विहार पाहिलेत, मावशी?"

"तीस वर्सं झाली, ह्योच झाडून राहिले. दुसरा कसा असतो, ठावं न्हाई."

गाडी चार्ज होताच महामायाताईंनी शेजारच्या सीटचं दार उघडलं. "बसा."

 

दुसऱ्या विहारात वंदन करून पारूबाई सवयीनं झाडू शोधायला लागल्या. महामायाताईंनी तो आधीच लपवून ठेवला होता.