अकरावं लाल फूल

कुवाबारा बाईंनी यागनाच्या जपानी निबंधावर टपोरं लाल फूल काढून दिलं, बालवाडीतल्या पोरांना देतात तसं. यागना पोलंडहून जपानच्या विद्यापीठात वर्षभरासाठी आल्यापासूनचं हे अकरावं फूल. शेजारच्या व्हिएतनामी न्युंगचा कागद मात्र लाल रेघांनी भरलेला, वर बाईंच्या तोंडाचा पट्टा सुरूच. “हे काय लिहिलंस? शंभरदा सांगितलं, तरी पालथ्या घड्यावर पाणी! परत लिहून आण!” न्युंगचे डोळे भरले आणि यागनाचा जळफळाट झाला. तिनं तर या खेपेला मुद्दाम चार ढोबळ चुका पेरल्या होत्या. “बाई, माझं काहीच चुकलं नाही?” “छे गं! किती गोड लिहितेस! न्युंगला इथंच नोकरी करायचीय. तू काय, पाहुणी आमची!” वर्ग रिकामा झाल्यावर यागनानं लाल पेन काढलं, चारही चुकांखाली रेघा ओढल्या आणि फुलाशेजारी बाईंच्या वळणानं लिहिलं, “परत लिहून आण!”