सहावी खुर्ची

"पाच आहेत. यादीत सहा लिहिल्यात. सहावी कुठाय?"

पर्स टेबलावर टेकवायच्या आधीच बाईंनी हा प्रश्न टाकला. लिलावघराच्या मॅनेजरनं चहाचा कप बाजूला सारला. सकाळी सकाळी हे लचांड नेमकं आपल्याच गळ्यात पडावं, याचं त्याला वाईट वाटलं.

जेवणाचं टेबल आणि सहा खुर्च्या, असा तो एकत्र लिलावात काढलेला माल होता. बाईंचं औषधांचं दुकान होतं. बोली लावताना त्यांनी हात वर केला तो खाली घेतलाच नाही. समोरचा जुन्या फर्निचरचा व्यापारी कंटाळून उठून गेला, तरी यांचा हात वरच. मग टेम्पो घरी गेला आणि खुर्च्या निघाल्या पाच.

"मॅडम, एका खुर्चीचे पैसे परत देतो. आत्ता, इथेच."

"पैसे नकोत."

"मग तशीच दुसरी देतो. गोदामात ढिगानं पडल्यात."

"तशी दुसरी नसते. पाठीला बाक देऊन सुताराकडून करून घेतलेल्या आहेत त्या. सहाच केल्या होत्या."

बाईंनी माहिती काढलेली दिसत होती. असं गिऱ्हाईक म्हणजे डोक्याला ताप. मॅनेजरनं पहिलवानाला हाक मारली. पहिलवान म्हणजे गोदामातला हमाल. अंगानं काडी, म्हणून हे नाव.

"टेम्पोत किती खुर्च्या चढवल्यास?"

"होत्या तेवढ्या."

"मोजल्या नाहीस?"

"जेवणाच्या टेबलाला सहाच असतात की साहेब. त्यात काय मोजायचं?"

मोजल्या तर मॅनेजरनंही नव्हत्या. विकणारा फोनवर सांगेल ते यादीत लिहायचं आणि आलेला माल एकावर एक रचून ठेवायचा, ही इथली जुनी रीत. आजवर ती खपून गेली होती.

"विकणाऱ्यांनी स्वतः सहा सांगितल्या," तो म्हणाला. "मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा सहाच म्हणाले."

"सहा म्हणाले?"

बाईंचा आवाज एकदम खाली आला. वरमल्या वाटतं, असं मॅनेजरला वाटलं. पण कसलं काय.

"मग त्यांच्याकडेच राहिली असेल. चला, जाऊन घेऊन येऊ."

"ते जमायचं नाही. विकणाऱ्याचं नाव आम्ही कुणालाच देत नाही. लिलावाच्या दिवशी तुम्ही विचारलंत तेव्हाही मी हेच सांगितलं होतं. सख्खा भाऊ आला तरी नाही. अडचणीत असतो म्हणून माणूस घरातलं सामान विकतो. त्याची अब्रू आपण राखायची असते."

"राखा. मी ग्राहक न्यायालयात जाते. सगळ्या मालाचे पैसे घेतलेत आणि माल अपुरा दिलात. तुमची यादी माझ्याकडे आहे."

मॅनेजरची पाचावर धारण बसली. मागच्या तक्रारीच्या वेळीच मालकानं बजावलं होतं, पुन्हा कोर्टाचा कागद आला तर उद्यापासून येऊ नकोस. ह्या वयात दुसरीकडे कोण उभं करणार होतं त्याला? त्यानं निमूटपणे फोन लावला.

"आजोबा, ती सहावी खुर्ची आमच्याकडे आलीच नाही."

"सहाच आहेत," पलीकडून म्हातारा आवाज म्हणाला, आणि फोन बंद झाला.

बाई टेबलावर पुऱ्या वाकल्या होत्या. "काय म्हणाले?"

"सहाच आहेत म्हणतात."

"माझ्यासमोर म्हणू देत."

नियम सांभाळावा तर नोकरी जाणार होती. मॅनेजरनं गाडीची किल्ली उचलली.

"चला. पण एक सांगतो, मॅडम. म्हातारा माणूस आहे. घर विकून एका खोलीत राहायला आलेत, एकटे. तिथे आवाज चढवायचा नाही."

"एकटेच? मग स्वयंपाक कोण करतं?"

"मला काय ठाऊक? आपल्याला खुर्चीशी मतलब."

गाडीत बाई पर्सची चेन नुसती उघडत होत्या आणि लावत होत्या. वळणावर त्यांनी आरशात बघून केस सारखे केले. ही लढाईची तयारी बघून मॅनेजरनं गाडीचा वेग कमी केला.

जिना अरुंद होता. बाई प्रत्येक मजल्यावर थांबल्या. शेवटच्या पायऱ्यांवर तर कठडा धरून उभ्याच राहिल्या.

"दम लागला का?"

"नाही. तुम्ही पुढे व्हा. दार तुम्हीच वाजवा."

दार उघडलं. उंच म्हातारा, पाठीत वाकलेला. त्याच्या मागे खोली दिसत होती. एक खाट, एक शेगडी, भिंतीशी स्टूल आणि त्यावर झाकून ठेवलेलं ताट. खुर्ची म्हणाल तर औषधालाही नव्हती. मॅनेजरची उरलीसुरली आशा तिथेच संपली. म्हाताऱ्यानं एक दडवून ठेवली असेल, असं तो वाटभर स्वतःला समजावत आला होता.

"आजोबा, माझी नोकरी जायची वेळ आलीय. सहावी खुर्ची कुठाय तेवढं खरं सांगा. ह्या बाईंनी तक्रार केलीय."

म्हाताऱ्यानं कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि मॅनेजरच्या खांद्यावरून जिन्याकडे पाहिलं. बाई मान खाली घालून उभ्या होत्या; सकाळची ती तोफ कुठल्या कुठे गेली होती. म्हाताऱ्यानं दाराची चौकट धरली.

"तिलाच विचारा की," तो म्हणाला. "माझ्याशी भांडून ही कार्टी घर सोडून गेली, ती आपली खुर्ची डोक्यावर घेऊन."