तिसरा तास
तीस वर्षं शाळेचं वेळापत्रक मी पुठ्ठ्याचे रंगीत तुकडे सरकवून लावलं. निवृत्तीनंतर नवं सॉफ्टवेअर तपासायला मला बोलावलं. संगणकाच्या सरांनी कळ दाबली आणि अख्खा आठवडा पडद्यावर दहा सेकंदांत धावला. “बघा बाई, एकही तास वाया नाही!” भूगोलाच्या बाईंचा तिसरा तासही भरला होता. त्यांचं तीन महिन्यांचं बाळ शिपाईमावशींच्या खोलीत असतं. ह्याच तासाला त्या पाजायला जातात. माझी लेक तान्ही असताना असा तास कुणी दिला नव्हता. “हा मोकळा ठेवा.” सरांनी तीनदा पुसला, सॉफ्टवेअरने तीनदा भरला, शेवटी तर त्याने तिथे कवायत घातली. “मोकळा ठेवायचं कारण मागतंय, बाई. आजार, बैठक की प्रशिक्षण?” “बाळ लिहा.” “तसा पर्यायच नाही.” मी वैतागले. माउस ओढून ‘बैठक’ निवडली. “रोज बैठक? मुख्याध्यापक विचारतील, कुणाबरोबर?” “सांगा, दात न आलेल्या साहेबांबरोबर.”