अस्वलाचा मायना

व्हिडिओ गेममधल्या अस्वलाच्या पत्राला उत्तर द्यायचं राहिलंय, हे अप्पा खांबेट्यांना आठवलं, तेव्हा पडद्यावरचं अस्वल गाव सोडायला बोचकं बांधत होतं. गेमचे पाच भाग निघाले, तरी प्रत्येक भागात बाकीचे खेळाडू आपापल्या पडद्यावरच्या गावात बंगलेच बांधायचे. अप्पांनी वाचनालय काढलं होतं. अस्वल हा एकमेव वाचक.

"अगं, मायना काय लिहू? तीर्थरूप की चिरंजीव? अस्वलाचं वय कळेना, म्हणून तर अडलोय."

"तुमच्याहून मोठं आता कोण उरलंय?" बायको भाजी निवडत म्हणाली. "चिरंजीव लिहा."

अप्पांनी लिहिलं, "चिरंजीव अस्वलास आशीर्वाद. जाऊ नकोस. तुझ्यावाचून करमणार नाही."

तिने वाचलं. "मला नाही कधी असं लिहिलंत!"

अप्पांचे कान लाल झाले; पण अस्वल वेशीवर पोचायच्या आत पत्र पेटीत पडलं.