चोखणी कुणी दिली?

दुपट्यांच्या घडीतून सिस्टरने ती ओढून काढली आणि पालीची तुटकी शेपटी धरावी तशी दोन बोटांत धरली. निळी, रबराची चोखणी. अजून ओली होती.

"हे काय आहे?"

प्रश्न विहीणबाईंना होता. लेकीच्या त्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये बाळासाठी दोन्ही आज्या येऊन राहिल्या होत्या, आणि सिस्टरच्या मते त्यातली एक फालतू होती. सिस्टरची अख्खी नोकरी बाळंतिणींच्या वॉर्डात गेलेली. निवृत्त झाली तरी जावयासकट सगळे तिला सिस्टरच म्हणायचे. विहीणबाई त्यांच्या गावात ब्युटी पार्लर चालवत. नखांवर लाल, केसांवर काळा, आणि आत बिनरंगाची पोकळी, असं सिस्टरचं त्यांच्याविषयीचं निदान होतं.

"मीच दिली," विहीणबाई पुटपुटल्या. एकदा सुनेकडे बघून त्यांनी मान खाली घातली.

"अंगावर पिणारं पोर आहे हे, कळतंय का? एकदा रबराची चटक लागली की आईकडे तोंड फिरवतं. पण तुमचा काय दोष? भुवया कोरणाऱ्या माणसाला हे कुठून माहीत असणार!"

"आई, जाऊ दे ना," मुलगी म्हणाली. बाळाला अंगाशी लावताना तिने ओठ दातांखाली दाबून धरला होता. "डॉक्टर म्हणाल्या, वजन छान वाढतंय, पाजणं नीट बसलंय. आता अधूनमधून दिली तर हरकत नाही."

"ती कालची पोरगी? ती लंगोटात होती तेव्हापासून मी बायकांना पाजायला शिकवतेय."

चोखणी कचऱ्याच्या डब्यात, चहाच्या चोथ्यावर जाऊन पडली.

त्यानंतर सिस्टरने घराला वॉर्डाची शिस्त लावली. बाळ जरा कुरकुरलं की थेट आईच्या अंगाला. पोटभर पिऊन ते बापाच्या खांद्यावर नुसतं चुळबुळत असलं तरी सिस्टर त्याला उचलून आणायची. "भूकच आहे. मला नका शिकवू." जावई रिकामे हात झटकत खिडकीपाशी जाऊन उभा राहायचा. हा माणूस कसला, कपडे अडकवायची खुंटी, असं सिस्टरला वाटायचं.

मुलगी न्हाणीघरात नळ मोठा सोडून रडायची. सिस्टरला ते ऐकू यायचं. पहिलटकरीण रडतेच. वॉर्डात अशा कितीतरी जणींची रडारड तिने एका दटावणीत थांबवली होती.

"तिला जरा झोपू देऊ या का?" विहीणबाईंनी एकदा घाबरत विचारलं. "छातीला चिरा पडल्यात हो तिच्या."

"मलम लावते ती. तुम्ही नखं सुकवा."

विहीणबाईंनी खरोखरच बोटं पदराखाली लपवली. सिस्टरला हसू आवरेना.

मग एका दुपारी ती भाजी घेऊन परतली तेव्हा घर चिडीचूप होतं. खुर्चीत विहीणबाई, त्यांच्या छातीवर गाढ झोपलेलं बाळ, आणि त्याच्या तोंडात गुलाबी चोखणी तालात हलत होती. आतल्या खोलीत मुलगी तोंड उघडं टाकून घोरत होती.

सिस्टरने पिशवी तिथेच टाकली आणि बाळाच्या तोंडातून चोखणी उपसली. पोराने टाहो फोडला. मुलगी केस मोकळे तशीच धडपडत बाहेर आली, तिच्यामागून जावई.

"बस्स झालं!" सिस्टर म्हणाली. "चोरून चोरून माझ्या नातवाचं नुकसान चाललंय इथे. या घरात एक तर या राहतील, नाहीतर मी. आत्ताच्या आत्ता ठरवा."

मुलीने बाळाला कुशीत घेतलं, त्याच्या पाठीवर थोपटलं. मग नवऱ्याकडे बघितलं. त्याने हळूच मान हलवली.

"बरोबर आहे तुझं," मुलगी म्हणाली. "दोघींचं एका घरात नाही जमणार. मी बॅग भरते." आणि नवऱ्याला म्हणाली, "तू गाडी मागव."

"अगं, असं नको करू," विहीणबाई कळवळल्या. "मला काही वाटलेलं नाही. घेईन मी सांभाळून."

"आई, तुम्ही यात पडू नका."

काय तो आवाज! सिस्टरचा ऊर भरून आला. वळण आपलंच.

तिने स्वतःसाठी आलं घालून चहा केला आणि ऐसपैस बसून घेतला. आतून कपाटाचं दार, घड्या, चेन ओढल्याचा आवाज येत होता. समोर विहीणबाई डोळे पुसत होत्या. काजळ गालावर ओघळलेलं. सिस्टरला आता थोडं मोठेपण परवडण्यासारखं होतं.

"मनाला लावून घेऊ नका," ती म्हणाली. "बाळ मोठं झालं की येत जा बघायला. फक्त ज्यातलं आपल्याला कळत नाही, त्यात हात घालू नये माणसाने."

विहीणबाईंनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग एकदम उठून त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या. आटपू दे बाईला, सिस्टरने फुर्रकन घोट घेतला.

मागच्या पॅसेजमधून बॅगेची चाकं खडखडत दाराबाहेर गेली. सिस्टरने मान वळवायचेही कष्ट घेतले नाहीत. जावई बॅग घेऊन जिना उतरत होता. खुंटी कामाला तरी आली.

मुलगी बाहेर आली. बाळ खांद्यावर किरकिरत होतं. तिने आपल्या गाऊनच्या खिशातून एक हिरवी चोखणी काढली, बाळाच्या तोंडात दिली आणि ते शांत होईपर्यंत थोपटत राहिली.

सिस्टरचा कप ओठांपाशीच थांबला.

"आई, चप्पल घाल," मुलगी म्हणाली. "गाडी खाली उभी आहे."